पायांची घाई

मराठी मंडळांच्या संमेलनांत हल्ली भरतनाट्यम् नसेल तर कार्यक्रम उणा वाटतो. मुली कष्टाने शिकतात, पालक हौसेने दागिने आणतात. त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती टाळ्यांविषयी. पाय जितके जलद पडतील, जितके उंच उचलले जातील, तितक्या टाळ्या अधिक. गाणे कसे झाले, हे घरी परतताना कोणी विचारीत नाही. ही रसिकता नव्हे. ही सर्कशीची आवड झाली.

कुंभकोणमला बदलून आलेला आमचा अधिकारी शारंगपाणीच्या गोपुरावरील करणांची शिल्पे पाहुण्यांना दाखवितो आणि म्हणतो, "पाहा, नृत्य म्हणजे हे!" शिल्पे सुंदर आहेत, यात वाद नाही. परंतु दगडाला ताल नसतो. शिल्पकाराने एक क्षण टिपला; त्याच्या आधी व नंतर काय वाजले, ते त्यात कोठून ऐकू येणार?

त्यापेक्षा त्याने या भागातील एखाद्या भजनमठात दिव्यनाम पाहावे. जवळच्या मरुदानल्लूरच्या सद्गुरुस्वामींनी सुमारे दोनशे वर्षांपूर्वी ज्या भजनपद्धतीला घाट दिला, तिच्यातलाच हा भाग. आमच्या अभंगांनाही त्या पद्धतीत मानाचे स्थान आहे. मध्ये दीप, भोवती फेर धरून गाणारी मंडळी. पाऊल साधे, वळण साधे. गाणाऱ्याने ओळ लांबविली की पाऊल रेंगाळते, लय चढली की तेही चढते. वारीतली पावली पाहिलेल्यास हे निराळे सांगावयास नको. अर्जेंटिनातील टँगोचेही असेच आहे: रंगमंचावर पाय हवेत फेकले जातात, पण ब्युनोस आयरेसच्या नृत्यगृहांतले जुने जाणते नुसते चालतात, आणि वाद्यमेळ त्या चालण्यात दिसतो.

चपळाईशी आमचे वैर नाही. दुसऱ्या सरफोजींच्या (१७९८–१८३२) तंजावर दरबारातील चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलू या बंधूंनी अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंत जो क्रम लावला, त्यात तिला जागा आहेच. पण वर्णमनंतरची संथ पदे केवळ दम खाण्यासाठी नव्हेत! बालसरस्वती पदे स्वतः गात अभिनय करीत. मद्रासच्या म्युझिक अकादमीने १९७३ साली त्यांना 'संगीतकलानिधी' केले. नर्तकीला संगीताची पदवी! आमच्या परीक्षकांना यातून काही सुचू नये काय?

पदांची तेलुगू आमच्या श्रोत्यांस कळत नाही, असे चालक म्हणतात. ठीक. सरफोजींच्या मराठी नृत्यरचना 'कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस' या नावाने तंजावरच्या सरस्वती महालाने छापल्या आहेत. त्यांचे एक पानही न उलटता भोसल्यांच्या वारशाची भाषणे मात्र दरवर्षी होतात. येत्या स्पर्धेत ध्वनिमुद्रित साथ बंद करून गायक बसवावा, त्या ग्रंथातील एक रचना संथ लयीत सक्तीची करावी. आणि परीक्षकांनी निम्मे गुण डोळे मिटून, केवळ गाणे आणि चाळ ऐकून द्यावेत.