विसरलेले उपविजेतेपद

आशियाई फुटबॉल अजिंक्यपदाच्या स्पर्धेत भारत एकदा दुसरा आला होता, असे आज जळगाव किंवा धुळ्याच्या एखाद्या शाळेत सांगितले, तर मुलांना ती थट्टा वाटेल. त्यात त्यांचा दोष नाही. जानेवारी २०२४ मध्ये कतारला झालेल्या या स्पर्धेत भारतीय संघ ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया या तिघांकडूनही हरला आणि एकही गोल न करता परतला. पुढे जून २०२५ मध्ये हाँगकाँगने त्याला १-० असे हरविले. ऑक्टोबरमध्ये मडगावात, घरच्याच प्रेक्षकांसमोर, सिंगापूरने २-१ असा विजय मिळविला आणि २०२७ च्या स्पर्धेचे दार बंद झाले. हेच हाँगकाँग १९६४ साली भारतापुढे ३-१ असे नमले होते, यावर कोणाचा विश्वास बसावा?

ती १९६४ ची स्पर्धा इस्रायलमध्ये भरली होती. संघ चारच: यजमान इस्रायल, आधीच्या दोन्ही स्पर्धांचा विजेता दक्षिण कोरिया, हाँगकाँग आणि भारत. चुनी गोस्वामी कर्णधार होते व इंग्लंडचे हॅरी राइट प्रशिक्षक. २७ मे रोजी भारताने दक्षिण कोरियाला २-० असे हरविले. पहिला गोल अप्पलराजूने दुसऱ्याच मिनिटाला केला, दुसरा उत्तरार्धात वीस वर्षांच्या इंदरसिंगने. विद्यमान विजेत्यावरील हा विजय एरवी देशभर गाजला असता. परंतु त्याच दिवशी दिल्लीत पंडित नेहरूंचे निधन झाले. ज्या दिवशी सारा देश शोकात बुडाला होता, त्या दिवशी परदेशातील एका सामन्याकडे कोणाचे लक्ष जावे? दोन दिवसांनी इस्रायलकडून ०-२ असा पराभव झाला. २ जून रोजी हाँगकाँगविरुद्ध इंदरसिंग, समाजपती आणि खुद्द गोस्वामी यांनी गोल केले. तीन सामन्यांत दोन विजय आणि साखळीत दुसरे स्थान. भारताला या स्पर्धेत त्याहून वरचे स्थान आजतागायत मिळालेले नाही.

या यशाचा हिशेब मात्र चोख मांडला पाहिजे. पात्रता फेरीत गटातील इतर देशांनी माघार घेतल्यामुळे भारताला एकही सामना न खेळता प्रवेश मिळाला होता. अरब राष्ट्रे इस्रायलला जाणार नव्हतीच. चार संघांतील दुसरा क्रमांक म्हणजे खंडातील दुसरा क्रमांक नव्हे, हे मान्य केले पाहिजे. पण समोर जे उभे होते त्यांतील दोघांना हरविले, हेही तितकेच खरे. शिवाय हा संघ काही आकाशातून पडला नव्हता. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला, त्या वेळी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा मुंबईच्या मैदानांवर खेळणारा होता. १९६२ साली जाकार्ताच्या आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळाले. त्या संघाचे शिल्पकार सय्यद अब्दुल रहीम जून १९६३ मध्ये कर्करोगाने गेले. २०२४ मध्ये त्यांच्यावर निघालेला हिंदी चित्रपटही जाकार्ताच्या विजयापाशी थांबतो. इस्रायलमधील यश त्यामुळे पडद्यावरही आले नाही.

जाता जाता एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. कोकणातून इस्रायलला गेलेली, घरात मराठी बोलणारी बेने इस्रायल कुटुंबे त्याच उन्हाळ्यात तेथे आपल्या धार्मिक समानतेसाठी झगडत होती. ऑगस्ट १९६४ मध्ये तेथील संसदेने त्यांच्या बाजूने ठराव केला. भारताचे इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध १९९२ पर्यंत नव्हते, पण फुटबॉलचा संघ मात्र जाऊन आला होता.

आणि पुढे काय झाले? चुनी गोस्वामींनी १९६४ मध्येच आंतरराष्ट्रीय फुटबॉलचा निरोप घेतला. १९७१-७२ च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध बंगालचे नेतृत्व करणारे तेच हे गोस्वामी, हे आपल्याकडील क्रिकेटवेड्यांना अधिक आठवते! ऑलिंपिक फुटबॉलमध्ये १९६० नंतर भारत कधी दिसला नाही. आशियाई अजिंक्यपदाच्या मुख्य स्पर्धेत पुन्हा पाऊल ठेवायला १९८४ साल उजाडले. वीस वर्षांत एका पिढीची जागा घेणारी दुसरी पिढी घडविता आली नाही, याचे खापर एकट्या दिल्लीतील महासंघावर फोडून चालणार नाही. कलकत्ता, हैदराबाद, मुंबई, गोवा आणि पंजाब एवढ्या भांडवलावर इतका मोठा देश खेळत राहिला. बाकीचे जिल्हे हिशेबातच नव्हते.

खानदेश त्या बाकीच्यांतलाच. येथील काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात बुटाला चिकटून बसते; वर एप्रिल-मेचा पारा पंचेचाळिशीच्या आसपास. ही सबब ऐकायला बरी वाटते. पण इथल्या मुलाचे खरे दुर्दैव हवामानात नाही, स्पर्धेच्या रचनेत आहे. शाळेच्या संघातून तो सुब्रतो चषकाच्या जिल्हा फेरीला जातो. बाद पद्धतीने खेळ होतो. पहिल्याच सामन्यात हार झाली की त्याचे वर्ष संपते. वर्षभराच्या सरावाची किंमत एक तास! १९६४ चा भारतीय संघ मधला सामना हरूनही दुसरा आला, कारण ती स्पर्धा साखळीची होती. हरल्यानंतर पुन्हा उतरण्याची सोय होती. अमळनेरच्या किंवा शिरपूरच्या मुलाला ती सोय कोण देणार?

भुसावळ, चाळीसगाव, दोंडाईचा अशा गावांतील शाळांची दिवाळीनंतरच्या कोरड्या महिन्यांत साखळी लावली, तर प्रत्येक संघाला आठ-दहा सामने सहज मिळतील. त्यासाठी स्टेडियम लागत नाही. तालुक्यामागे एक सपाट मैदान, दोन गोलखांब, शिट्टी वाजवणारा एक जाणता माणूस आणि एसटीच्या भाड्याचे पैसे लागतात. आणि ते मैदान ऐन हंगामात सभांना, प्रदर्शनांना व लग्नाच्या मंडपांना देणार नाही, असे नगरपालिकेने लेखी कबूल करावे लागते. दोन्ही जिल्ह्यांच्या क्रीडा अधिकाऱ्यांनी निदान या शेवटच्या कलमापासून तरी सुरुवात करावी. त्याला सरकारी अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.