जत्रुकाचे भंग आणि त्यांचे वर्गीकरण

जत्रुक म्हणजे उरोस्थी व अंसफलक यांना जोडणारे, मानेखालचे आडवे व किंचित नागमोडी हाड. खांदा धडापासून दूर तोलून धरणारी ती एक तुळईच होय. हे हाड मोडणे इतके नित्याचे आहे की, हात झोळीत बांधावा व स्वस्थ राहावे, हाच उपचार पुष्कळ काळ सर्वांना पुरेसा मानला गेला. त्यास आधारही होता. अमेरिकन शल्यचिकित्सक चार्ल्स नीअर यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, मधल्या भागाच्या २,२३५ भंगांपैकी शस्त्रक्रियेवाचून न सांधलेले अवघे तीन होते.

१९६७ साली ऑलमन यांनी या भंगांचे तीन गट पाडले: मधल्या तृतीयांशाचे, खांद्याकडील टोकाचे व उरोस्थीकडील टोकाचे. सुमारे चार पंचमांश भंग पहिल्या गटातच मोडतात. ही विभागणी सुटसुटीत खरी. पण ती हाड कोठे मोडले एवढेच सांगते, तुकड्यांचे काय झाले ते सांगत नाही. उपचार ठरावयाचा तो मात्र बहुधा या दुसऱ्या गोष्टीवरून.

खांद्याकडील टोकाचेच उदाहरण घ्यावे. तेथे जत्रुकाला अंसफलकाच्या चोचीसारख्या भागाशी जखडणारे बळकट अस्थिबंध असतात. ते शाबूत राहून दोन्ही तुकड्यांना धरून असतील, तर हाड जागचे फारसे हलत नाही. आतील तुकडा त्यांच्यापासून सुटला, तर मानेचे स्नायू त्याला वर खेचतात आणि बाहेरचा तुकडा हाताच्या भाराने खाली जातो. असे भंग न सांधण्याचा धोका बराच. एकाच गटातील दोन रोग्यांची वाट येथे निराळी होते. नीअर यांनी १९६८ साली या गटाचे पोटभेद केले ते याच कारणाने.

मधल्या भागाविषयीचा जुना निर्धास्तपणाही पुढे टिकला नाही. ज्यांची हाडे सहज सांधतात अशी मुलेही जुन्या पाहण्यांत मोजलेली असत. १९९७ साली अमेरिकेतील हिल व सहकाऱ्यांनी तुकडे सरकलेल्या ५२ प्रौढ रोग्यांची तपासणी केली, तेव्हा १५ टक्क्यांचे हाड सांधलेलेच नव्हते. आणि हाड २० मिलिमीटर वा अधिक आखूड होणे हे धोक्याचे चिन्ह ठरले. १९९८ साली एडिंबरोच्या रॉबिन्सन यांनी एक हजार भंगांवरून जे वर्गीकरण मांडले, त्यात स्थानाबरोबर तुकड्यांचे सरकणे व चुरा यांनाही स्थान मिळाले. उपचाराला मार्ग दाखविणारे वर्गीकरण ते हेच, असे म्हणावयास हरकत नाही.

याचा अर्थ सरकलेले प्रत्येक हाड पट्टीने जोडावे, असा मात्र नव्हे. कॅनडातील २००७ सालच्या चाचणीत, शस्त्रक्रिया झालेल्या ६२ पैकी २ जणांचे हाड सांधले नाही. झोळीवर ठेवलेल्या ४९ पैकी ७ जणांचे. फरक मोठा आहे, तरीही झोळीवाल्यांपैकी ४२ जणांचे हाड चाकूवाचून सांधलेच. म्हणून क्ष-किरण छायाचित्राच्या अहवालात "जत्रुकाचा भंग" एवढेच दोन शब्द लिहून थांबणे गैर होय. भाग कोणता, तुकडे किती, किती मिलिमीटर सरकले, हाड किती आखूड झाले, हे त्यात असलेच पाहिजे. आणि रोग्याचे वय व व्यवसायही चिकित्सकापुढे असावा. खांद्यावर ओझे वाहणाऱ्या हमालाला आखूड सांधलेले हाड जसे जाचेल, तसे ते घरबसल्या वृद्धाला क्वचितच जाचते.