ज्ञानगंगा घरोघरी; पण कोणत्या वाटेने?

नाशिककर गोदावरीला ‘गंगा’ म्हणतो. गंगेवर जाऊन येतो, असे म्हटले की कोणी अधिक विचारत नाही. त्यामुळे याच शहरालगत, गंगापूर धरणाच्या परिसरात उभ्या राहिलेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद स्वीकारले, ते अत्यंत औचित्यपूर्ण ठरले. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले. शिक्षण अर्धवट सुटलेल्या प्रौढांसाठी विद्यापीठाने पूर्वतयारी शिक्षणक्रमाची वाट काढली आणि पदवीचे दार त्यांच्यासाठी किलकिले केले. गृहिणी, शेतकरी, पोलीस शिपाई, कामगार अशा किती तरी जणांनी या दारातून प्रवेश केला.

आज प्रश्न आहे तो या गंगेच्या पात्राचा. प्रत्येकाच्या हाती भ्रमणध्वनी आला असताना पाठ्यपुस्तके छापायची कशाला, संपर्कसत्रे भरवायची कशाला, असा सूर सुशिक्षित वर्तुळांत वरचेवर ऐकू येतो. हा सूर वरकरणी आधुनिक वाटतो. तथापि, दूरशिक्षणाच्या साधनांचा आपल्याच देशातील इतिहास तपासला, तर निष्कर्ष वेगळा निघतो.

पहिला दाखला आपल्या महाराष्ट्राच्याच मातीतला आहे. १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच मराठीभाषक जिल्ह्यांतील दीडशे गावांत शेतकऱ्यांसाठी रेडिओ श्रोतृमंडळे चालवली. गावातील मंडळींनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची, शंका आकाशवाणीला कळवायच्या आणि पुढील कार्यक्रमांतून त्यांची उत्तरे मिळवायची, अशी ती योजना होती. टाटा समाजविज्ञान संस्थेने तिचे मूल्यमापन केले. जेथे मंडळे होती, त्या गावांतील श्रोत्यांच्या ज्ञानात ठळक वाढ झाली. जेथे रेडिओ होता पण मंडळ नव्हते, तेथे ती फारच अल्प होती. यंत्र तेच, आवाज तोच, विषयही तेच. फरक पडला तो चार माणसे एकत्र बसण्याने.

त्यानंतर दूरचित्रवाणी आली. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षभरात ‘साइट’ या प्रयोगाने उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत कार्यक्रम पोहोचवले. भारतीय शास्त्रज्ञांचे ते कर्तृत्व निर्विवाद मोठे. परंतु उपग्रह अमेरिकेचा होता, वर्षाची मुदत संपली आणि प्रक्षेपणही थांबले. २० सप्टेंबर २००४ रोजी आपण ‘एज्युसॅट’ हा खास शिक्षणासाठीचा स्वदेशी उपग्रह श्रीहरिकोट्याहून सोडला, तेव्हा ती उणीव भरून निकाली निघाली. दूरच्या वर्गातील विद्यार्थी शिक्षकाला प्रश्न विचारू शकेल, ही सोय त्यात होती. पण त्यासाठी केंद्रावर यंत्रणा हवी, वीज हवी आणि ठरल्या वेळी विद्यार्थ्याने तेथे हजर असायला हवे. २०१० मध्ये त्या उपग्रहाचे कार्य संपले. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाचे उदाहरणही बोलके आहे. बीबीसीवरील रात्री-पहाटेच्या पाठांसाठी ते जगभर ओळखले गेले; त्या पाठांचे प्रक्षेपण २००६ मध्ये बंद झाले. विद्यापीठ मात्र चालू राहिले.

आंतरजालाचे गुण कोणी नाकारू नयेत. पाठ हवा तेव्हा, हव्या तितक्या वेळा ऐकता येतो. शंका तत्काळ विचारता येते. सुदूर संस्थेतील उत्तम प्राध्यापक घरी येतो. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम्’ने हे सिद्ध केले आहे. परंतु हे सारे कोणाच्या घरी? २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार ग्रामीण भारतातील अवघ्या ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता, तर आंतरजालाची सोय १४.९ टक्के कुटुंबांकडे. त्यानंतर भ्रमणध्वनीचा प्रसार पुष्कळ झाला, हे खरे. पण २०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद पडल्या, तेव्हा मुलांपर्यंत पोहोचण्यासाठी सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका आणावी लागली आणि विदर्भात आकाशवाणीवरून ‘शाळेबाहेरची शाळा’ भरवावी लागली. जुनी म्हणून अडगळीत टाकलेली साधनेच संकटकाळी धावून आली.

सुरगाणा वा पेठ तालुक्यातील एखाद्या पाड्यावरची विवाहिता डोळ्यांसमोर आणावी. घरात भ्रमणध्वनी एकच, तोही पती कामावर नेतो. सायंकाळी तो परत येतो, तेव्हा चूल आणि मुले तिची वाट पाहत असतात. तिला अभ्यासाला मिळतात त्या दुपारच्या दोन घटका. त्या वेळी तिच्या हाती काय असते? छापील पुस्तक. ते रेंज मागत नाही, दरमहा पैसे भरायला लावत नाही आणि समासात तिची शंका लिहून ठेवू देते. त्या शंकेचे उत्तर देणारे माणूस आठवड्यातून एकदा भेटले, तर तिचा अभ्यास टिकतो. न भेटल्यास पुस्तकही फळीवर जाते आणि भ्रमणध्वनीवरील पाठही अर्ध्यावर राहतो.

म्हणून साधनांची तुलना करताना कोणते नवे आणि कोणते जुने, ही कसोटी अपुरी आहे. सर्वांत कमी सोयी असलेल्या विद्यार्थ्याला ते केव्हा व किती खर्चात मिळते आणि त्याच्या शंकेला उत्तर कोण देते, हे दोन प्रश्न आधी विचारले पाहिजेत. या कसोटीवर छापील पुस्तक आणि प्रत्यक्ष संपर्क हा पाया ठरतो. ध्वनी, चित्र आणि आंतरजाल ही त्यावर चढणारी मजल्यांची बांधणी. मजले अवश्य वाढवावेत, पण पाया उकरून नव्हे.

येथे केवळ शासनाकडे बोट दाखवून आपली सुटका होणार नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरी रिकामी खोली आहे, आंतरजाल आहे, निवृत्त शिक्षक आहेत. आठवड्यातून दोन सायंकाळी त्या खोलीत वस्तीतील पाच-सहा मुक्त विद्यार्थ्यांनी एकत्र बसून एखादा पाठ पाहिला, त्यावर चर्चा केली आणि अडलेले विचारले, तर १९५६ च्या त्या श्रोतृमंडळाचेच ते नवे रूप ठरेल. भगीरथाने गंगा आणली ती एकदाच. तिचे पाणी घागरीने घरोघर पोहोचवण्याचे काम मात्र रोजचे असते. ती घागर उचलायला आपण तयार आहोत का, एवढाच प्रश्न आहे.