‘वय झालं’ हे निदान नव्हे

परवा कॉलनीतल्याच एक काकू दवाखान्यात आल्या. वय ५८. सिडकोच्या लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. दोन वर्षांपूर्वी गुडघा दुखू लागला तेव्हा त्यांना एका ठिकाणी सांगितलं गेलं, "वयोमानाप्रमाणे गुडघे झिजलेत, आता जपून वापरा." काकूंनी ते तंतोतंत पाळलं. सकाळची फेरी बंद, भाजी मुलगा आणणार, जिना शक्यतो टाळायचा. दोन वर्षांत वजन नऊ किलो वाढलं, काठावरची साखर गोळीपर्यंत पोचली आणि गुडघा पहिल्यापेक्षा जास्त दुखतो. पिशवीत एक्स-रे होता आणि कोलॅजन पावडरचा महागडा डबा.

तो सल्ला त्यांना मी दिला नव्हता, हे माझं नशीब. कारण हेच वाक्य मी स्वतः पंधरा वर्षं रुग्णांना ऐकवलं आहे. त्यामुळे या लेखातला थोडा राग स्वतःवरचाही आहे.

‘झीज’ हा शब्दच मुळात फसवा आहे. तो ऐकला की आपल्याला चपलेचा तळ किंवा स्कूटरचा टायर आठवतो. जितका वापर तितकी झीज, म्हणून वापर कमी करा. पण टायर जिवंत नसतो, कूर्चा जिवंत असते. हाडांच्या टोकांवरच्या या गुळगुळीत, पांढऱ्या थरात कूर्चापेशी राहतात. त्यांची संख्या फार थोडी, थराच्या आकारमानाच्या जेमतेम दोन टक्के. बाकी सगळं पाणी, कोलॅजनचे दोरे आणि त्या दोऱ्यांमध्ये पाणी धरून ठेवणारा स्पंजासारखा पदार्थ. या थरात रक्तवाहिनी नाही. मग पेशींना अन्न कुठून मिळतं? सांध्यातल्या द्रवातून. तुम्ही पाऊल टाकता तेव्हा कूर्चा दाबली जाते, उचलता तेव्हा ती पुन्हा पाणी ओढून घेते, आणि या दाबण्या-सोडण्यातून अन्नाची ये-जा चालते. म्हणजे काकूंनी गुडघा ‘जपला’ तेव्हा त्यातल्या पेशींना अर्धपोटी ठेवलं.

वयाचा काहीच संबंध नाही, असं मी म्हणत नाही. आहे, आणि मोठा आहे. प्रौढ वयात कूर्चापेशी सहसा विभागत नाहीत. एकच पेशी दशकानुदशकं तीच जबाबदारी सांभाळते. तिच्यातली ऊर्जा बनवणारी यंत्रणा मंदावते, दुरुस्तीचा संदेश आला तरी ती पूर्वीइतकी प्रतिसाद देत नाही. कोलॅजनच्या दोऱ्यांवर साखरेचे रेणू चिकटत जातात, त्यामुळे दोरे कडक आणि ठिसूळ होतात. आणि काही पेशी एका विचित्र अवस्थेत जातात: काम सोडतात, पण मरत नाहीत. आपल्या सोसायट्यांमध्ये एखादा सभासद असतो ना, स्वतः काही करत नाही आणि प्रत्येक मीटिंगमध्ये भांडण मात्र लावतो, तसंच. या पेशी सूज वाढवणारी रसायनं आणि कोलॅजन कापणारी विकरं सोडत राहतात आणि शेजारच्या चांगल्या पेशींनाही बिघडवतात. यातून कूर्चा विरत जाते, खालचं हाड जाड होतं, अस्तराला सूज येते. कूर्चेत मज्जातंतू नाहीत, त्यामुळे दुखतं ते हाड आणि अस्तर. म्हणूनच एक्स-रेमध्ये भयंकर ‘गॅप’ दिसणारा माणूस खुशाल चालत येतो आणि साधारण चित्र असलेला कण्हत असतो.

पण वय ही जमीन झाली, रोग नव्हे. रोगासाठी आणखी काही लागतं: जास्तीचं वजन, दुबळी मांडी, जुनी इजा, आनुवंशिकता. नुसती घासाघासच कारण असती तर लठ्ठ माणसांच्या बोटांच्या सांध्यांत हा आजार जास्त का दिसला असता? बोटांवर कोण चालतं? चरबीतून निघणारी सूजकारक रसायनं रक्तातून सगळ्याच सांध्यांपर्यंत पोचतात. आणि हौशी धावणाऱ्यांमध्ये गुडघ्या-खुब्याचा हा संधिवात बैठ्या लोकांपेक्षा कमी आढळतो. (लठ्ठ माणसं मुळात धावतच नाहीत, हा आक्षेप मला मान्य आहे. तरी टायरची उपमा टिकत नाही.)

आता त्या डब्याविषयी. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढला, तो अन्नातून सगळ्यांच्या शरीरात गेला. २०१६ साली शास्त्रज्ञांनी त्याच खुणेवरून माणसांच्या गुडघ्यातल्या कोलॅजनचं वय काढलं. वाढीचं वय सरल्यावर ते जवळजवळ बदलतच नाही असं दिसलं, निरोगी गुडघ्यातही आणि आजारी गुडघ्यातही. जे शरीर स्वतः बदलत नाही, ते दुधात कालवलेली पावडर बदलेल? पोटात गेलेलं कोलॅजन डाळीतल्या प्रथिनासारखंच पचतं, त्यावर ‘गुडघा’ असा पत्ता लिहिलेला नसतो. ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिनच्या गोळ्यांची अमेरिकेत १,५८३ रुग्णांवर चाचणी झाली, २००६ साली निकाल आला: एकूण रुग्णांत खोट्या गोळीपेक्षा त्या सरस ठरल्या नाहीत.

त्याहून मोठी फसवणूक ‘स्टेम सेल’च्या नावाने चालते. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा उपचार फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येत होता, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. तुमच्याकडे लाखभर रुपये मागितले, तर ती चाचणी नव्हे. त्या भांडखोर म्हाताऱ्या पेशींना मारणारं औषधही शोधलं जातंय. २०१७ मध्ये उंदरांत सुंदर निकाल आले, २०२० मध्ये माणसांवर तेच इंजेक्शन खोट्या इंजेक्शनपेक्षा वरचढ ठरलं नाही. संशोधन चालू राहावं, पण तुमच्या खिशातून नको.

हा आजार फक्त शहरातला नाही. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये भिगवणला घरोघरी पाहणी केली. चार हजारांहून अधिक प्रौढांत शंभरातले सुमारे १८ जण हाडा-सांध्यांच्या दुखण्याने त्रस्त होते. भिगवणच्या शेतकरी बाईला पावडरचा डबा परवडणार नाही. सुदैवाने जे खरंच उपयोगी पडतं ते फुकट आहे.

खुर्चीवर बसा, एक पाय सरळ करा, मांडी घट्ट करून दहापर्यंत मोजा, खाली आणा. प्रत्येक पायाने दहा वेळा, दिवसातून दोनदा. जमू लागलं की हात न टेकता खुर्चीवरून उठा-बसा. सपाट रस्त्यावर चाला. थोडं दुखेल. दुसऱ्या सकाळपर्यंत शमलं तर ठीक, नाही तर वेळ कमी करा, पण बंद करू नका. एक किलो वजन घटलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, हा हिशेब जेवताना आठवा. दुकानातून वेदनाशामक गोळी स्वतः आणून रोज घेऊ नका, किडनी आणि बीपी दोन्ही बिघडतात. गुडघा लाल, गरम झाला, ताप आला किंवा अडकून बसला तर व्यायाम न करता सरळ डॉक्टरांकडे या. आणि हे सगळं करूनही रात्रीची झोप उडत असेल, घरातल्या घरात चालणं कठीण असेल, तर सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया चांगली आहे, तिला घाबरू नका. कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर सरकारने २०१७ मध्ये मर्यादाही घातली आहे.

काकूंनी विचारलं, "डॉक्टर, मग उरलेल्या पावडरचं काय करू?" म्हटलं, संपवा, प्रथिनं आहेत, वाया कशाला घालवता. डबा चांगला आहे, रिकामा झाला की शेंगदाणे भरा. पुढच्या तपासणीला त्या एक्स-रे न घेता येणार आहेत. मी फक्त त्यांना खुर्चीवरून उठताना पाहणार आहे.