डोंगरावरील विमान

अरुणाचलांत दुसऱ्या महायुद्धांत पडलेलीं विमानें कांहीं लोक डोंगर तुडवीत शोधतात, हें वाचून आमच्या घरच्या तरुण मंडळींनीं दिवाळीच्या सुटींत हिंगोलीहून थेट जुन्नर गांठलें. शिवनेरी पाहून स्वारी निघाली ती दवंड्याच्या डोंगराकडे. १९६२ सालच्या ७ जुलैस, मध्यरात्र नुकतीच उलटली असतां, सिडनीहून रोमकडे निघालेलें अलितालिया कंपनीचें डीसी-८ विमान तेथें आदळलें. मुंबई जवळ आली अशा समजुतीनें वैमानिकानें तें अकालींच खालीं आणिलें. मुंबई तर अद्याप पन्नास मैलांवर होती! सुमारें ३,६०० फूट उंचीवर, माथा अवघा कांहीं फूट राहिला असतां, घात झाला. ९४ जणांपैकीं एकहि वांचला नाहीं.

पुतण्यानें गवतांत सांपडलेला धातूचा तुकडा आणिला. विमानाचाच, असें त्याचें म्हणणें. अरुणाचलांतला शोध बेपत्ता सैनिकांच्या आप्तांसाठीं असतो, हा कोनाड्यांत मांडण्यासाठीं! आमच्या मातोश्री एवढेंच म्हणाल्या, “अरे, तेथें कोणाचीं तरी मुलेंबाळें गेलीं ना?” तुकडा परत नेऊन ठेवावयाचें ठरलें आहे. प्रवासखर्च कोणी सोसावा, याचा मात्र निकाल अजून लागावयाचा आहे.