चाक टिकटिकतं तेव्हा

मैत्रिणींनो, या सदराकडे येणारी पत्रं बहुधा मिक्सर, शिलाईचं मशीन आणि गळके नळ यांचीच असतात. यावेळी मात्र इंग्लंडात राहणाऱ्या एका वाचक भगिनीचं पत्र आलंय ते चक्क स्पोर्ट्‌स कारबद्दल! त्यांच्या यजमानांनी हौसेनं जुनी एम.जी.बी. घेतली आहे. दोन माणसांची, उघड्या टपाची, तारांच्या चाकांची. गेले दोन महिने गाडी सावकाश चालली की चाकांकडून 'टिक्‌-टिक्‌' असा आवाज येतो. यजमान म्हणतात, जुनी गाडी आहे, वाजणारच. गॅरेजवाला म्हणतो, पुढच्या अ‍ॅक्सलचे सांधे गेले, बदलावे लागतील. आणि बाईंना दर शनिवारी पंधरा वर्षांच्या लेकीला शेजारी बसवून तीच गाडी चालवायची असते. "बसवू की नको, तेवढं सांगा," असं त्यांनी विचारलंय.

तूर्त बसवू नका. स्वतःही चालवू नका. आवाज अगदी क्षुल्लक कारणानं येत असेल, पण चाक सैल झाल्याची ती पहिली खूण असू शकते, आणि यातलं नेमकं काय ते बघितल्याशिवाय कळत नाही. शिवाय एक गोष्ट त्यांच्या यजमानांच्या कानावर घालावी. इंग्लंडात गाड्यांची दरवर्षी सक्तीची तपासणी होते. पण मे २०१८ पासून ४० वर्षांहून जुन्या आणि मोठे फेरफार न केलेल्या गाड्यांना त्यातून सूट मिळाली. एम.जी.बी. १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनली, म्हणजे आता सगळ्याच त्या वयात आल्या. हौशी मालकांना सूट बरी वाटते, पण वर्षातून एकदा तिऱ्हाईत माणूस चाक हलवून बघायचा, तेही गेलं. आपणहून तपासणी करून घ्यायला मात्र कुणाची मनाई नाही.

आता गॅरेजवाल्याचं म्हणणं. वळण घेताना, त्यातही ॲक्सिलरेटर दाबल्यावर कट्‌-कट्‌ आवाज येणं हे पुढच्या चाकांना ओढ असलेल्या गाड्यांचं दुखणं. आपल्याकडच्या मारुतीसारख्या बहुतेक छोट्या गाड्या अशाच. त्यांच्या पुढच्या दांड्यांच्या सांध्यावर रबराची टोपी असते. ती फाटली की ग्रीस बाहेर उडतं, धूळ आत जाते आणि सांधा झिजून वाजू लागतो. तुमच्या गाडीचं असं होत असेल तर चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसतात का ते बघा. पण एम.जी.बी.ला ताकद मिळते ती मागच्या चाकांना. पुढच्या चाकांपर्यंत इंजिनाचा फिरता दांडा जातच नाही, मग त्याचा सांधा कुठून खराब होणार? गॅरेजवाला लबाडच असेल असं नव्हे. रोज ज्या गाड्या बघतो त्यांच्यावरून बोलून गेला असेल. तरी हा खर्च करू नये.

सुरुवात सोप्यापासून करा. टायरच्या खाचेत अडकलेला खडा किंवा खिळासुद्धा हुबेहूब असाच वाजतो. या गाडीचं चाक एका फेऱ्यात साधारण १.९ मीटर जातं, म्हणजे ताशी २० किलोमीटर वेगाला सेकंदाला जवळजवळ तीन टिक्‌. खडा असेल तर दर फेऱ्याला एक, अगदी घड्याळासारखा. खिळा निघाला तर मात्र उपटू नका, नाहीतर तिथंच हवा जाईल. स्टेपनी हाताशी घेऊन मगच काय ते करा.

मग सपाट जागी, इंजिन बंद ठेवून, गाडी माणसाच्या चालीनं ढकला. एकानं ब्रेकपाशी बसावं, दोघांनी ढकलावं आणि तुम्ही बरोबर चालत एकेका चाकाशी कान द्यावा. इंजिन बंद असतानाही आवाज आला म्हणजे तो चाकाचा किंवा त्याच्याबरोबर फिरणाऱ्या भागांचा, एवढं नक्की ठरलं. ढकलताना ब्रेक हलकेच दाबायला सांगा. तेवढ्यानं आवाज थांबला तर आधी ब्रेकच्या पॅडकडे बघा. पदर किंवा ओढणी मात्र कमरेला घट्ट खोचून घ्या, फिरत्या चाकाजवळ ती लोंबायला नको.

तारांच्या चाकाचं खरं मर्म स्पोकमध्ये. एका चाकाला बहुतेक ६० स्पोक असतात, काहींना ७२. सारे सारख्या ताणात असले तरच चाक गोल आणि मजबूत राहतं. एखादा सैल झाला की वजन त्याच्यावर येताना आणि जाताना तो आपल्या जागी हलतो आणि टिकटिकतो. वळणावर जास्त, कारण तिथं चाकावर आडवा जोर येतो. माझ्या मामांचं सायकलचं दुकान होतं. ते चाक फिरवत फिरवत पान्यानं एकेक स्पोक वाजवायचे आणि वर बघून गप्पाही मारायचे. रीत तीच. लहान पान्यानं प्रत्येक स्पोकला हलकी टिचकी मारा. बाजारात आपण माठ वाजवून घेतो ना, तसं! खणखणीत वाजला तो बरा. भदभदीत वाजला तो सैल, नाहीतर तुटलेला. त्यावर खडूनं खूण करा.

खूण केलेले स्पोक आपणच पिळून घट्ट करायचा मोह होतो. तो टाळा. एक ताणला की चाक त्या बाजूला ओढलं जातं, मग समोरचा ताणावा लागतो, आणि बघता बघता चाक आठाच्या आकड्यासारखं वाकडं होतं. शिवाय स्पोकचं आतलं टोक वर येऊन ट्यूबला भोक पाडू शकतं. हे काम टायर-ट्यूब काढून, चाक स्टँडवर फिरवून, जाणत्या माणसानंच करावं. एकाच चाकाचे बरेच स्पोक सैल निघाले तर दुरुस्तीपेक्षा नवं चाक बरं, असं माझं मत.

स्पोक सगळे खणखणीत निघाले तर संशय चाकाच्या मध्यावर. साध्या गाडीचं चाक चार-पाच नटांनी बसतं. या चाकाला मध्ये एकच मोठा नट असतो, कधी दोन कानांचा, कधी अष्टकोनी. चाकाच्या पोटात आणि हबवर उभे दाते असतात, ते एकमेकांत बसतात. गाडी ओढायचा आणि थांबवायचा सगळा जोर या दात्यांवर. ते कोरडे पडले की घासतात आणि वाजतात, आणि तसेच चालवले की झिजतात. माझ्या थोरल्या दिरांना जुन्या गाड्यांचा नाद आहे. त्यांनी असं एक चाक उतरवलं तेव्हा आत ग्रीसऐवजी लालसर भुकटी निघाली, कुंकवासारखी! तो दात्यांचा गंज होता.

चाक उतरवण्याआधी बाकीच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं, हात काही घालू नका. नट सैल करायचा तो चाक जमिनीवर असतानाच, तांब्याच्या किंवा शिशाच्या हातोड्यानं. लोखंडी हातोड्यानं कान चेपतात. अष्टकोनी नटाला त्याचा स्वतंत्र पाना लागतो. डाव्या आणि उजव्या बाजूचे आटे उलटसुलट असतात, म्हणून कुठल्या दिशेनं सोडायचा ते नटावर कोरलेलं बघूनच ठोका. इकडचा नट तिकडे कधीही लावू नका. आता रॉकेलनं (तिकडे त्याला पॅराफिन म्हणतात) दाते स्वच्छ पुसा, ब्रेकवर थेंब जाऊ देऊ नका, आणि उजेडात निरखा. चांगल्या दात्याचा माथा सपाट असतो. करवतीसारखा टोकदार झाला असेल तर तो संपला. अशा वेळी फक्त चाक नवं घेऊन भागत नाही. झिजलेला हब नव्या चाकाचे दाते वर्षभरात खाऊन टाकील, म्हणून जोडी बदलावी.

दाते ठीक असतील तर ग्रीसचा पातळ हात फिरवा, आट्यांवरही थोडं लावा, आणि चाक बसवून नट घट्ट ठोका. मग एक परीक्षा राहते. चाक जमिनीपासून उचललेलं असताना पुढच्यासाठी पायब्रेक आणि मागच्यासाठी हँडब्रेक लावून चाक हातानं मागेपुढे फिरवून बघा. हब जागच्या जागी आणि चाक मात्र किंचित हललं, 'टक्‌' वाजलं, तर डोळ्यांना बरे दिसलेले दातेही झिजलेलेच समजा. चाक वरखाली धरून हलवलं आणि खुळखुळलं तर तो बेअरिंगचा प्रश्न. तो मेकॅनिकवरच सोपवा.

नट पुन्हा एकदा ठोकून बघायचा तो पहिल्या ५० किलोमीटरनंतर. हे पुष्कळजण विसरतात. साध्या चाकांच्या नटांनाही हाच नियम, म्हणून पंक्चर काढून आणल्यावर तुमच्या मारुतीचे नटसुद्धा असे तपासून घ्या. आणि एम.जी.बी.ची चारही चाकं वर्षातून एकदा उतरवून दात्यांना ग्रीस द्यायचं, गाडी दाराशी नुसती उभी असली तरी.