‘तू तिथे गेलीस कशाला?’

लैंगिक अत्याचार सोसलेली मुलगी धीर करून बोलायला लागते, तेव्हा पुष्कळदा पहिला प्रश्न हाच येतो. हॉस्टेलच्या खोलीत येतो, घरी येतो. विचारणाऱ्याच्या पोटात काळजीच असते. पण हाच प्रश्न ती कित्येक रात्री स्वतःला विचारत आलेली असते. दुसऱ्याच्या तोंडून आला की तिला तो निकालच वाटतो.

अमेरिकेत मेरी कॉस यांनी ३२ शिक्षणसंस्थांतल्या सहा हजारांवर विद्यार्थ्यांची पाहणी केली. १९८७ साली ती प्रसिद्ध झाली. बलात्कार सोसलेल्या विद्यार्थिनींपैकी ४० टक्क्यांहून अधिक जणींनी तो कोणालाही सांगितला नव्हता. अत्याचार करणारे बहुतेक ओळखीचेच होते.

‘ओरडली का नाहीस?’ हा दुसरा प्रश्न. स्टॉकहोममधल्या बलात्कारपीडितांच्या विशेष दवाखान्यात २९८ स्त्रियांची नोंद तपासली गेली. त्यांपैकी ७० टक्के जणींचं शरीर त्या क्षणी थिजलं होतं. इच्छा असूनही हात हलत नव्हता, आवाज फुटत नव्हता. २०१७ साली हे प्रसिद्ध झालं, तरी आपल्याकडे न ओरडणं म्हणजे संमती असं आजही सर्रास बोललं जातं. हे अज्ञान क्रूर आहे.

सावरणं मात्र शक्य असतं. बार्बरा रॉथबॉम आणि सहकाऱ्यांच्या १९९२च्या अभ्यासात बलात्कारानंतरच्या सुरुवातीच्या दोन आठवड्यांत ९४ टक्के स्त्रियांमध्ये तीव्र मानसिक आघाताची लक्षणं होती. तीन महिन्यांनी हे प्रमाण ४७ टक्क्यांवर आलं. पॅट्रिशिया फ्रेझियर यांच्या संशोधनात आणखी एक गोष्ट दिसली. ‘मी काय केलं असतं तर टळलं असतं’ यात गुंतलेल्यांचा त्रास जास्त होता. ‘आता माझ्या हातात काय आहे’ याकडे वळलेल्यांचा कमी. म्हणून सांगावं की नाही, कधी आणि कोणाला, हे तिलाच ठरवू द्यायला हवं. घरच्यांनी परस्पर शिक्षण बंद करणं म्हणजे तिच्या हातातलं उरलंसुरलंही काढून घेणं.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५च्या नियमांनुसार, पीडित विद्यार्थिनी शारीरिक वा मानसिक असमर्थतेमुळे स्वतः तक्रार करू शकत नसेल तर तिची मैत्रीणही महाविद्यालयाच्या अंतर्गत समितीकडे तक्रार देऊ शकते. चौकशी चालू असताना पीडितेला तीन महिन्यांपर्यंत रजेची तरतूद आहे. पहिल्याच वर्गात हे प्रत्येकीला सांगा. आणि एखादी बोलायला आली, तर आधी एवढंच विचारा: आज रात्री सोबत कोणी हवं आहे का?